नाशकात खायचं, पण घड्याळ बघून!

'नाशिकमध्ये खायला आहे काय?' असं विचारणाऱ्या मैत्रिणीला एका शनिवारी दिलेलं उत्तर...

हिंजवडीत सहा वर्षं काढलेली माझी कॉलेजमधली मैत्रीण मध्यंतरी घरी आली होती. घर म्हणजे इंदिरानगर, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. कंपनीनं तिला कायमचं घरून काम करायची परवानगी देऊ केली होती. हो की नाही, ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. एकुलती एक लेक परत येते की नाही, या विचारानं काका-काकूंचा जीव टांगणीला. आणि बाईसाहेबांचा प्रश्न काय? 'अगं, पण वीकेंडला इथे खायला जायचं कुठे?'

खरं सांगू? मला रागच आला. मग लक्षात आलं, तिचं अगदीच चुकत नाहीये. इंदिरानगरात राहणारे आपण बाहेर खातो म्हणजे काय खातो? रथचक्र चौकाच्या आसपास चायनीज, जॉगिंग ट्रॅकवरून घरी येताना पावभाजी नाहीतर मोमोज, आणि फारच कंटाळा आला तर मोबाइलवरून मागवलेली बिर्याणी. चवीला वाईट काहीच नाही. पण हे सगळं हिंजवडीतही मिळतं! हायवेच्या या बाजूला राहिलं की जुनं नाशिक उगाचच लांब वाटायला लागतं. बोगद्याजवळची कोंडी, मेन रोडला पार्किंगची बोंब... जाऊ दे, इथेच खाऊ! मी स्वतः पंचवटीत शेवटचं कधी खाल्लं होतं, हे आठवायला मला चांगली पाच मिनिटं लागली.

'शनिवार मला दे,' मी तिला म्हटलं. 'फक्त सकाळी साडेसातला तयार राहा.'

'शनिवारी साडेसातला? वेडी आहेस का?'

सकाळ काळ्या रश्शाची

आठच्या सुमारास आम्ही पंचवटी कारंजाला होतो. अंबिकाची मिसळ! काळ्या मसाल्याचा रस्सा कसा असतो, हे तिला विसरायला झालं होतं. पुण्यात मिसळीत पोहे येतात, कोल्हापुरात कटाबरोबर स्लाइस ब्रेड येतो. आपल्याकडे मटकी, वर शेव, कांदा, कोथिंबीर, सोबत पाव, पापड आणि हवा तेवढा रस्सा. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजलं की मसाल्याला तो रंग येतो. नुसत्या तिखटाचा तो खेळ नाही. दुसऱ्यांदा रस्सा मागताना मॅडमचं नाक लाल झालं होतं, पण तोंडातून तक्रार नाही.

मिसळ जिरवायला काळाराम मंदिरावरून चालत रामकुंडावर गेलो. १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह झाला, तेच हे मंदिर. शाळेच्या पुस्तकात दोघींनी वाचलेलं, पण त्या दारासमोर शांतपणे उभं राहायची वेळ आजच आली.

घाटावर आंघोळी उरकून माणसं परतत होती. तेव्हा मला नाशिकच्या खाण्याचं गणित सुटलं. हे गाव यात्रेकरूंचं आणि बाजारपेठेचं. दोघांचाही दिवस लवकर सुरू होतो. मग गावाची भूकही लवकरच लागणार ना! आपण शनिवारी अकराला उठतो, बाराला बाहेर पडतो आणि म्हणतो, नाशकात काही मिळत नाही.

उपासाचा दिवस, खाण्याची चंगळ

होळकर पूल ओलांडून रविवार कारंजावरून मेन रोडकडे आलो. जुन्या बाजारपेठेतल्या बुधा हलवाईची जिलबी गरम असतानाच खायची. घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांना काय म्हणावं! कढईसमोर उभं राहायचं, कागदावर घ्यायची आणि पाक हातावर ओघळायच्या आत संपवायची.

पुढचा मुक्काम सायंतारा. शनिवार म्हणजे अनेक घरांत उपास, आणि उपास म्हणजे साबुदाणा वडा. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. आमचा उपास नव्हता, हे आम्ही कोणाला सांगितलं नाही.

एव्हाना बारा वाजले होते. रस्त्यावर गर्दी वाढली, ऊन चढलं आणि आम्ही मुकाट्यानं घरी येऊन झोपलो. जुन्या गावातलं खाणं अर्ध्या दिवसात, उभ्या उभ्या, किरकोळ पैशात उरकलं. पुण्यात एका कॅफेत दोघींचं बिल याच्या कितीतरी पट होतं, हे तिनंच हिशेब करून सांगितलं.

संध्याकाळ द्राक्षांची

दुसरी फेरी चार वाजता, गंगापूर धरणाच्या दिशेनं सुलाला. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परत आले आणि वडिलोपार्जित जमिनीवर त्यांनी वाइनची द्राक्षं लावली. २००० मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली. तोवर नाशिकचं द्राक्ष म्हटलं की खायचं द्राक्ष, एवढंच लोकांना माहीत होतं. आज मुंबईची माणसं गाड्या भरून येतात आणि आपण? इंदिरानगरातले निम्मे लोक फक्त पाहुणे आले की जातात!

इथलं घड्याळ बरोब्बर उलटं. दुपारी यायचं, टेस्टिंग करायचं, मग टेरेसवर बसून मळ्यांमागे सूर्य मावळताना बघायचा. मैत्रीण ग्लास फिरवत होती, मी गाडी चालवणार म्हणून द्राक्षाच्या रसावर होते. तेवढ्यात ती म्हणाली, 'परत येण्यासाठी सहा वर्षांपूर्वी मला कोणी विचारलं असतं, तर मी हसले असते.'

आणि आता? ते मी विचारलं नाही.

रात्र आपल्या गल्लीतली

साडेनऊला परत इंदिरानगरात. आता खरी परीक्षा! उशिरा रात्रीच्या बाबतीत नाशिक पुण्याची बरोबरी करत नाही, हे मान्य. साडेदहानंतर पर्याय भराभर कमी होतात. पण त्याच्या आत? धुळे, जळगाव, नंदुरबारकडून नोकरीसाठी आलेली कितीतरी घरं आपल्या भागात आहेत, आणि त्यांच्यासोबत त्यांची चूलही आली. एका छोट्या खानावळीत लाल तर्रीची शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा. ना पाटीला दिवे, ना मेन्यू कार्ड.

'हे एवढे दिवस कुठे होतं?' तिनं विचारलं.

'इथेच. तुझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर.'

रविवारी ती पुण्याला निघाली. जाताना कोंडाजीचा चिवडा घ्यायचा, हा तिचा दर वेळचा नेम. एरवी दोन किलो घेते, महिनाभर पुरवते. या वेळी अर्धाच किलो घेतला.

'एवढाच?' काकूंनी विचारलं.

'संपला की घेऊ ना,' ती म्हणाली आणि बसमध्ये चढली. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडेच बघत होते. हसू लपवायला!

जाण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा

• मिसळ सकाळीच. सुट्टीच्या दिवशी चुलीवरची खायला साधनाकडे जाणार असाल, तर नंबर लावायची तयारी ठेवा.
• मेन रोडला चारचाकी नकोच. रिक्षा किंवा टू-व्हीलर, नाहीतर नदीपलीकडून सरळ चालत.
• वाइन प्यायची असेल तर गाडी कोण चालवणार, ते घरून निघतानाच ठरवा.
• याआधीचा सिंहस्थ २०१५ मध्ये झाला, पुढचा २०२६-२७ चा. त्या काळात घाटाकडे जाताना रस्ते चालू आहेत का, ते आधी विचारा.
• आणि पाहुण्यांची वाट बघू नका. एका शनिवारी स्वतःच लवकर उठा!