सतरा नंबर

मुलांनो, शाळेची सहल घेऊन जाणाऱ्या शिक्षकांचं सगळ्यात मोठं काम कोणतं, सांगा बघू? राजवाड्यांची माहिती सांगणं? फोटो काढणं? अंहं! मोजणं. गाडीत चढताना मोजायचं, उतरताना मोजायचं, जेवायला बसताना मोजायचं, उठताना मोजायचं. मी झोपेतसुद्धा आकडे पुटपुटते, असं आमच्या मुली मला चिडवतात.

२०१९ च्या मे महिन्यात कोल्हापूरहून आम्ही मध्य युरोपच्या अभ्यास सहलीला गेलो होतो. नुकतीच नववीची परीक्षा दिलेली बावीस मुलं-मुली, आमचे भूगोलाचे सर आणि मी. हंगेरीतलं बुडापेस्ट, ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना आणि चेक प्रजासत्ताकातलं प्राग, अशा तीन देशांच्या तीन राजधान्या नऊ दिवसांत बघायच्या होत्या.

परक्या मुलखात एवढी मुलं सांभाळायची कशी? मी एक युक्ती काढली. उंचीप्रमाणे प्रत्येकाला एकेक नंबर देऊन टाकला. मी ‘चला’ म्हटलं की एकापासून बावीसपर्यंत सगळ्यांनी भराभर आपापले नंबर म्हणायचे. पंधरा सेकंदांत काम फत्ते! मुलांनाही ते इतकं आवडलं, की विमानातच त्यांनी एकमेकांची नावं सोडून दिली. “ए चौदा, जरा खिडकी सोड की!” “बाई, वीस नंबर घोरतोय बघा!” असं सगळं चालू झालं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पहिला मुक्काम बुडापेस्टला. डॅन्यूब नदीच्या एका काठाला बुडा आणि दुसऱ्या काठाला पेस्ट. १८७३ साली बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही तीन गावं मिळून एक शहर झालं. तिथल्या भुयारी रेल्वेचा पहिला मार्ग १८९६ सालचा. युरोपच्या मुख्य भूमीवरची ती पहिली भुयारी रेल्वे. तिचे छोटे पिवळे डबे बघून मुलं खूष झाली. जेवणात पापरिकाश नावाचं कोंबडीचं कालवण आलं. रंग अगदी आपल्या तांबड्या रश्श्याचा! मुलं तुटून पडली आणि पहिल्याच घासाला एकमेकांची तोंडं बघू लागली. तिखटपणाचा पत्ताच नव्हता.

मुलांना सगळ्यात गंमत वाटली ती हंगेरीतल्या नावांची. तिथं आधी आडनाव आणि मग नाव. तुम्ही ज्याच्याशी तासन्‌तास झटापट करता, तो रंगीत ठोकळा १९७४ साली बुडापेस्टमधल्या एर्नो रुबिक यांनी तयार केला. त्यांच्या देशात मात्र ते रुबिक एर्नो. “म्हणजे आपल्या हजेरीपटासारखंच की, बाई!” नऊ नंबरची मुलगी म्हणाली. खरंच की! मला मात्र तेव्हा एक गोष्ट लक्षात आली नाही. तो हजेरीपट आम्ही कोल्हापूरलाच ठेवून आलो होतो.

बुडापेस्टहून रेल्वेनं अडीच तासांत व्हिएन्ना. देश बदलला तरी पासपोर्टवर शिक्का उमटला नाही, म्हणून मुलं हिरमुसली. या तिन्ही देशांना मिळून एकच व्हिसा चालतो आणि मधल्या सीमांवर एरवी कुणी अडवत नाही. पैसे मात्र तीन देशांत तीन प्रकारचे. फोरिंट, युरो आणि कोरुना यांचे हिशेब करता करता मुलांची गणिताची उजळणी झाली. डॅन्यूब इथंही भेटली, पण नाव बदलून. हंगेरीतली ‘दुना’ इथं ‘डोनाउ’ झाली होती. व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेत शिरताना वाट अडवणारं फाटकच नाही. तिकिटावर आपणच शिक्का मारून घ्यायचा. तपासनीस कधीतरीच येतो. “आणि कुणी फसवलं तर?” सोळा नंबरनं लगेच विचारलं. हा सोळा नंबर लक्षात ठेवा बरं का!

पुढं प्राग. इथल्या जुन्या चौकात १४१० सालचं एक खगोलीय घड्याळ आहे. वेळेबरोबरच ते आकाशातल्या सूर्य-चंद्राची जागाही दाखवतं. दर तासाला वरच्या दोन खिडक्या उघडतात, येशूच्या बारा शिष्यांच्या मूर्ती एकेक करून दर्शन देतात, एक सांगाडा घंटा वाजवतो आणि शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. संध्याकाळी पाचचा तो सोहळा बघून आम्ही निघालो. गल्ल्यांतून चालत मूस्टेक स्टेशनवर आलो. फलाटावर मी म्हटलं, “चला!” एक, दोन, तीन... सोळा, सतरा... बावीस. झालं! गाडी आली, आम्ही चढलो.

दोन स्टेशनं गेली की आमचं नामेस्ती मीरू. हे स्टेशन जमिनीखाली ५३ मीटर खोल आहे आणि तिथला सरकता जिना ८७ मीटर लांब. वर पोचायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. सगळ्यांनी उजव्या हाताला, एका पायरीवर एक, असं उभं राहायचं. मी सगळ्यात पुढं होते. सहज मागं वळून बघितलं, तर माझी मुलं मण्यांसारखी ओळीनं उभी. सवयीप्रमाणे मोजली. एकवीस.

पुन्हा मोजली. एकवीस!

माझे पाय लटपटले. वर पोचल्यावर मी विचारलं, “कोण नाही?” सगळे इकडं-तिकडं बघू लागले आणि सोळा नंबरचा चेहरा पांढराफटक पडला. “बाई, सतरा नाही. फलाटावर त्याचा नंबर मीच म्हटला.”

झालं होतं असं. सतराला चित्रं काढायचा नाद. घड्याळाचं चित्र अर्धवट राहिलं होतं. ‘पुरं करतो आणि पळत येतो, तोवर तू माझा नंबर म्हण,’ असं तो सोळाला सांगून मागं राहिला. सोळानं आवाज जरा जाड काढून ‘सतरा’ म्हटलं आणि माझ्या पंधरा सेकंदांत ते खपून गेलं.

रागावायलाही वेळ नव्हता. एकवीसजणांना सरांच्या हवाली केलं आणि मी उलटी फिरले. तोच जिना आता खाली उतरताना संपता संपेना. फोन करावा तर फोन घरीच ठेवायचे, असं आमचंच ठरलेलं. परकं शहर, परकी भाषा, खिशात चार नाणी आणि चौदा वर्षांचं पोर. त्याच्या आईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. एकच आशा होती. पहिल्याच दिवशी मी मुलांना बजावलं होतं, ‘हरवलात तर आम्हाला शोधत फिरू नका. आपण शेवटी जिथं एकत्र होतो, तिथं जाऊन थांबा.’

मूस्टेकपासून मी जवळजवळ धावतच चौकात आले. घड्याळाखाली माणसांची गर्दी. आणि भिंतीच्या कडेला, पिशवी घेतलेल्या एका म्हाताऱ्या आजींशेजारी, वही छातीशी धरून तो बसला होता. मी त्याच्या नावानं हाक मारली. सहा दिवसांत पहिल्यांदाच मी ते नाव घेत होते, हे हाक मारल्यावर माझ्या ध्यानात आलं.

आजींना इंग्रजी येत नव्हतं, त्याला चेक येत नव्हतं. पण आजींनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून आपलं नाव सांगितलं होतं आणि मग त्याचं विचारून घेतलं होतं. तेवढ्या दोन शब्दांवर त्यांचं पाऊण तास चाललं होतं. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी त्याचा हात घट्ट धरला, माझ्याकडं रोखून बघितलं आणि पार चुकीच्या उच्चारात त्याचं नाव घेतलं. हा तुझाच का, असं विचारत होत्या. मी जोरजोरात मान हलवली, तेव्हा कुठं त्यांनी हात सोडला.

मी त्याला खूप रागावले. मग माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात सहा वाजले आणि सांगाड्यानं घंटा वाजवायला सुरुवात केली. ती ऐकूनच आम्ही निघालो.

रात्री सोळा नंबर शिक्षेची वाट बघत माझ्यासमोर उभा राहिला. त्याची चूक होतीच, सतराचीही होती. दोघांनी सगळ्यांसमोर ती कबूल केली. पण मला झोप लागली नाही. आकडा कुणीही म्हणू शकतो. मी नावं घेतली असती, तर प्रत्येक नावाला मान वर करून एकेक चेहरा बघितला असता. फलाटावर मी कान देऊन मोजत होते, डोळे मात्र गाडीकडं होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पिंकास सिनेगॉग बघायला गेलो. सिनेगॉग म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ. आता तिथं स्मारक आहे. आत मूर्ती नाहीत, भिंतींवर फक्त नावं. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यांचा जीव घेतला, त्या चेक भूमीतल्या सुमारे ७८ हजार ज्यू माणसांची नावं. गावं आणि घराणी यांप्रमाणे लावलेली, प्रत्येकापुढं जन्माची तारीख आणि शेवटची ठाऊक असलेली तारीख. १९५४ ते १९५९ या काळात ती भिंतींवर हातानं लिहिली गेली. पुढं ओल चढून भिंती खराब झाल्या, तेव्हा १९९२ ते १९९६ मध्ये ती पुन्हा लिहून काढली.

आमच्या सरांनी हळू आवाजात सांगितलं, “या माणसांना घरातून उचलून नेताना प्रत्येकाला एक नंबर दिला होता. त्यांच्या सामानावरही तोच नंबर असे.”

मुलं गप्प झाली. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं आणि मलाही कुणाकडं बघवत नव्हतं.

वरच्या मजल्यावर मुलांनी काढलेली चित्रं आहेत. प्रागजवळच्या तेरेझीन गावी नाझींनी हजारो ज्यू कोंडून ठेवले होते. त्यांत मुलंही होती. तिथं फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकार बाई त्यांना चोरून चित्रकला शिकवत. त्यांचा जन्म १८९८ सालचा, आम्ही आदल्याच आठवड्यात बघितलेल्या व्हिएन्नातला. घरं, फुलं, फुलपाखरं, जेवणाचं टेबल, जे जे त्या मुलांचं हिरावलं गेलं होतं, ते सगळं चित्रांत होतं. १९४४ साली बाईंना ऑश्विट्झच्या छळछावणीत नेऊन मारण्यात आलं. त्यापूर्वी त्यांनी मुलांची सुमारे ४,५०० चित्रं दोन पेट्यांत भरून लपवून ठेवली. युद्ध संपल्यावर ती मिळाली. चित्रं काढणारी बहुतेक मुलं मात्र वाचली नाहीत.

सतरा एका चित्रासमोर खूप वेळ उभा होता. “बाई, इथं कोपऱ्यात नाव आहे,” तो म्हणाला. होतं खरं. अनेक चित्रांवर होतं. त्या मुलांच्या बाईंनी त्यांना चित्रावर आपलं नाव घालायला लावलं होतं. मी काही बोलले नाही. मी पण एक बाईच होते आणि मी माझ्या मुलांना काय दिलं होतं? नंबर! माझा हेतू वाईट नव्हता, दोन्ही गोष्टींची तुलनाही होऊ शकत नाही. पण मला लाज वाटली, हे खरं.

बाहेर आल्यावर नऊ नंबरची मुलगी म्हणाली, “बाई, आजपासून नावानं हजेरी घ्या ना.” त्या दिवसापासून मी चेहरा बघून एकेक नाव घेऊ लागले. पंधरा सेकंदांऐवजी पुरतं एक मिनिट लागे. एक गाडीही आमची चुकली. पुढची सहा मिनिटांनी आली.

परतीच्या विमानात त्याच मुलीनं मला आणखी एक प्रश्न विचारला. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बायका आणि मुलंच जास्त. त्याच युद्धानं त्यांना घरादाराला मुकवलं होतं आणि आपल्या मातीनं आसरा दिला होता. त्यांच्या आठवणीचा स्तंभ महावीर उद्यानात आहे. “बाई, आपण नेहमी पाच हजार म्हणतो. त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का?”

ठाऊक नव्हतं. म्हणून जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर सहाजण सायकलींवरून वळिवड्याला जाऊन आले. पुष्कळ घरं धुंडाळल्यावर एका आजोबांना लहानपणी आपल्याबरोबर खेळणाऱ्या एका पोलिश मुलाचं नाव आठवलं. आजोबांचा उच्चार बरोबर आहे की नाही, देव जाणे! पण सतरानं ते सुंदर अक्षरात वहीत उतरवून घेतलं, त्याच घड्याळाच्या चित्रामागच्या पानावर.

आता तुम्ही विचाराल, नावाचं एवढं कौतुक करणाऱ्या बाईंनी या लेखात मुलांची नावं का दिली नाहीत? काय करणार! लेख वाचून दाखवल्यावर सोळा आणि सतरा दोघंही हात जोडून म्हणाले, “बाई, गोष्ट छापा, पण नाव नको. अख्खी शाळा चिडवेल.” नाव त्यांचं, म्हणून मर्जीही त्यांचीच.