लिहून देणार

‘आपला हात जगन्नाथ’ असं कोणी म्हणालं की ते कौतुक आहे की टोमणा, हे आवाजावरून ठरवावं लागतं. स्वतःचं काम स्वतः उरकणाऱ्यालाही ही म्हण लावतात आणि वाढप हाती आल्यावर आपल्याच पानात ओढून घेणाऱ्यालाही. मला ती आजवर पहिल्याच अर्थानं जवळची होती. हल्ली अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पैसे त्यांच्या खात्यातून काढताना मात्र दुसरा अर्थ आठवतो, आणि आठवला की लवकर जात नाही.

कागद पक्का आहे. अण्णांनी कुलमुखत्यारपत्र धडधाकट असताना करून दिलं, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन, दोन साक्षीदारांसमोर, कॅमेऱ्याकडे बघून आणि यंत्रावर अंगठा ठेवून. मसुदा वकिलांचा होता. अण्णांनी तो लाल पेन घेऊन वाचला, ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एका ठिकाणी ‘सदरहू’ दोनदा आला होता तो एकदाच ठेवला. वर ‘लिहून देणार’ म्हणून त्यांचं नाव, ‘लिहून घेणार’ म्हणून माझं. आत सगळी नेहमीची वाक्यं. राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाला बळी न पडता. मी स्वतः हजर राहून जे केले असते ते माझ्या मुखत्याराने केलेले मला मान्य व कबूल राहील. या ‘राहील’पाशी ते थांबले. कधीपर्यंत राहील, असं त्यांनी विचारलं. वकील म्हणाले, तुम्ही रद्द करेपर्यंत, नाहीतर तुम्ही असेपर्यंत. अण्णांनी मान हलवली आणि सही केली.

माणूस असतो, पण पूर्वीसारखा नसतो, या तिसऱ्या शक्यतेबद्दल त्या टेबलाभोवती कोणी बोललं नाही. कायदा मात्र त्याबद्दल बोलतो, आणि फार पूर्वीपासून. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 201 व्या कलमात लिहिलंय की ज्यानं अधिकार दिला तो वारला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, की दिलेला अधिकार संपतो. ज्या दिवसासाठी म्हणून माणसं हा कागद करून ठेवतात, त्याच दिवशी तो कागद बाद होतो. इंग्लंडात पूर्वी असंच होतं. तिथं 1985 साली कायदा करून मन गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र आणलं आणि 2005 च्या कायद्यानं त्याला नवं रूप दिलं. आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांपुरता प्रतिनिधी नेमता येतो. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी अशा ठरावीक अवस्थांसाठी पालक नेमता येतो. म्हातारपणी स्मृती गेलेल्या माणसाच्या पेन्शनचं, घराचं, मुदतठेवीचं कोणी बघायचं, यासाठी मात्र उच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयानं अशा अर्जांवर बायकोला, मुलांना पालक नेमलेलं आहे. केरळ उच्च न्यायालयानं 2019 साली कोमातल्या माणसांसाठी पद्धतच आखून दिली.

पण अण्णा कोमात नाहीत. सकाळी चहा होऊन उन्हाची तिरीप खाटेच्या पायथ्याशी आली की पुढचा तासभर ते बरेचसे आपले असतात. मला नावानं हाक मारतात. पेपर उलटा धरलेला असला तर तो सुलटा करतात. दुपारनंतर मी त्यांची आई होते, कधी आत्या, कधी कोणी परकी बाई. त्याच करार कायद्यात 12 वं कलम आहे. एरवी ज्याचं मन ठिकाणावर नसतं पण अधूनमधून असतं, तो ते असताना करार करू शकतो, असं त्यात म्हटलंय. मग आमचा कागद रोज दुपारी संपतो आणि सकाळी जिवंत होतो का? कायदा असं म्हणत नाही हे मला माहीत आहे. एकदा संपलं ते संपलं. पण नेमकं संपलं कधी? कोणत्या दुपारी? त्याची तारीख कोणाकडे नाही. बँक फक्त खातेदार हयात आहेत ना एवढंच विचारते. नोव्हेंबरात पोस्टमन घरी येऊन हयातीचा दाखला करतो. अण्णांची बोटं झिजलेली, ठसा उमटत नाही, मग तो मोबाइल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरतो आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो. तेवढं झालं की सरकारदरबारी अण्णा आणखी एक वर्ष आहेत.

अण्णा स्वतः पोस्टात होते. दक्षिण रत्नागिरीतल्या एका पोस्टाचे पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. त्या काळातलं कोकण मनीऑर्डरवर चालायचं. मुंबईच्या गिरणीतून मुलगा पैसे पाठवणार, इकडे आई अंगठा देऊन ते घेणार. अण्णांच्या टेबलावर शाईचा पॅड असायचा. म्हातारीचा अंगठा ते स्वतःच्या हातात धरून त्यावर टेकवत, मग फॉर्मवर एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हलकेच लोळवत, म्हणजे रेषा फिसकटत नाहीत. शेजारी लिहीत, ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’. पुतण्या किंवा दीर आला, म्हणाला काकी आजारी आहे, पैसे माझ्याकडे द्या, तर देत नसत. संध्याकाळी पोस्ट बंद झाल्यावर तिच्या घरी जाऊन तिच्या ओंजळीत मोजून देत. बरोबर पोस्टमन असे साक्षीला. आईला याचा राग यायचा, कारण जेवण गार व्हायचं. मी त्यांच्याबरोबर एकदोनदा गेले आहे. ओसरीवर कंदील असायचा आणि ती बाई नोटा मोजता येत नसूनही एकेक नोट बोटानं चाचपून बघायची.

अशा माणसाचे पैसे आता माझ्या हातून जातात.

आणि ते नुसते औषधांवर, डायपरवर, दिवसाच्या आणि रात्रीच्या मावशींवर जात असते तर मी हे काही लिहायला बसले नसते. अण्णा गावच्या घरी दर महिन्याला पैसे पाठवत आले आहेत. त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा, माझा चुलतभाऊ, ते घर राखतो. घराची शाकारणी, चार कलमांची राखण, पोरांची शिक्षणं, सगळं त्यात आलं. कुठं लिहिलेलं नाही. हिशेब मागितलेला नाही. आता मावशींचा महिन्याचा खर्च पेन्शनच्या पुढे गेला आहे आणि मुदतठेवी मोडायला लागल्या आहेत. दादा टोरोंटोहून म्हणतो, अण्णांचे पैसे अण्णांसाठीच. त्याचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. तो स्वतः पैसे पाठवतो, हात आखडत नाही, त्याला फक्त गावाकडचं देणं वेगळं ठेवायचं आहे. पण कागदात लिहिलंय, मी स्वतः हजर राहून जे केले असते ते. अण्णांनी काय केलं असतं हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. त्यांनी पाठवले असते. भले स्वतःसाठी मावशी एकच ठेवली असती.

‘आपला हात जगन्नाथ’मधला जगन्नाथ मी पाहिला आहे. अण्णा एकदा एलटीसीवर आम्हाला पुरीला घेऊन गेले होते. मी शाळेत होते. गर्दीत त्यांनी मला उचलून धरलं तेव्हा दिसले ते फक्त दोन वाटोळे डोळे. बाहेर आल्यावर मी विचारलं, देवाला हात का नाहीत? अण्णा म्हणाले, हात नाहीत म्हणून तर एवढी माणसं कामाला आहेत. पंड्यानं आम्हाला कथा सांगितली. इंद्रद्युम्न राजानं एका म्हाताऱ्या सुताराला मूर्ती घडवायला बसवलं. दार उघडायचं नाही ही त्याची अट. काही दिवसांनी आतला ठोकण्याचा आवाज थांबला. राणी गुंडिचेला राहवेना, म्हातारा उपाशी मेला की काय. दार उघडलं तर सुतार नाही आणि मूर्तींचे हात व्हायचे राहिलेले. त्या दाराचा मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, राणीनं ते काळजीनं उघडलं. आत काय चाललंय हे न बघता बाहेर बसणं तिला जमलं नाही.

पुढे मी पुरीबद्दल बरंच वाचलं, या म्हणीमुळेच. नागपूरकर भोसल्यांकडे 1751 ते 1803 ओडिशा होता आणि देवळाची व्यवस्थाही. सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून त्याच काळात आणला. मला अधिक धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. ज्येष्ठी पौर्णिमेला देवांना 108 घागरींनी न्हाऊ घालतात आणि त्यानंतर ते आजारी पडतात. ताप येतो. पंधरा दिवस दर्शन बंद, या काळाला अणसर म्हणतात. तेव्हा देवांजवळ जातात ते दैतापती सेवक. शबर विश्वावसूच्या वंशातले, म्हणजे देवाच्या नात्यातलेच, असं मानतात. फळं देतात, दशमुळांचं औषध देतात, अंगाला लेप लावतात. ज्या भक्तांना राहवत नाही ते ब्रह्मगिरीला अलारनाथाच्या दर्शनाला जातात. आजारी देवाकडे त्या दिवसांत कोणी काही मागत नाही.

दुसरीकडे राजा. तेराव्या शतकात तिसऱ्या अनंगभीमदेवानं राज्य जगन्नाथाचं आहे असं जाहीर केलं आणि स्वतःला त्याचा राऊत, म्हणजे त्याच्या वतीनं कारभार पाहणारा, म्हणवलं. आजही गजपती रथयात्रेत सोन्याच्या दांड्याच्या झाडूनं रथ झाडतात. आषाढी एकादशीला, म्हणजे आपल्याकडे पंढरपुरात वारकरी चंद्रभागेत उतरलेले असतात त्याच दिवशी, तिकडे रथावरच्या देवांना सोन्याचे हात लावतात. हात घडवून घेतलेले, दुसऱ्यांनी लावलेले आणि नंतर काढून ठेवायचे. आपल्या न्यायालयांनीही देवाच्या मूर्तीला कायद्यानं व्यक्ती मानलंय, पण कायमची अज्ञान. तिच्या वतीनं दुसऱ्या कोणीतरी सही करायची आणि तिच्या हिताचं बघायचं. मग त्या म्हणीत जगन्नाथ कोण? ज्याला हात नाही तो, की ज्याचा हात त्याच्यासाठी चालतो तो? अण्णांना हे विचारता आलं असतं तर त्यांनी तासभर घेतला असता आणि शेवटी पोस्टातलाच एखादा किस्सा सांगितला असता.

कागदानं मला राऊत केलं आहे, पण माझा दिवस जातो दैतापतीच्या कामात. मऊ भात कालवणं, कूस बदलणं, पाठीला पावडर, जिभेखालची गोळी. त्या कामात मला कधी शंका येत नाही. दुखतंय ते तोंडावर दिसतं. शंका सगळी सहीच्या वेळेला. आणि पुरीच्या सेवकांना एक ठाऊक असतं, पंधरा दिवसांनी देव उठणार, नेत्रोत्सव होणार, रथ निघणार. तोवर देवांच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधावा लागत नाही.

मी अण्णांना विचारलंही. गावाला पैसे पाठवू का? ‘दे त्याला,’ असं लगेच म्हणाले. पण ते हल्ली सगळ्यालाच दे म्हणतात. टीव्हीवर मदतीचं आवाहन लागलं तरी दे, मावशींनी सुटी मागितली तरी दे. दुपारच्या ‘दे’ला किती वजन द्यायचं? मग ठरवून एकदा सकाळी विचारलं, ऊन खाटेपाशी आलेलं असताना. तेव्हा ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘मागच्याची पावती घेतलीस का?’ मी ‘हो’ म्हटलं, फोनवरचा बँकेचा मेसेज दाखवला. त्यांनी तो चष्मा चढवून वाचला, रक्कम पुटपुटले आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला. ही मान्यता होती का? पाठव असं ते म्हणाले नाहीत. नको असंही नाही.

करार कायद्यात आणखी एक कलम आहे, 209 वं. अधिकार देणारा वारला किंवा त्याचं मन गेलं, तरी मुखत्यारानं सोपवलेल्या हिताचं रक्षण करण्यासाठी वाजवी ती पावलं उचलली पाहिजेत, असं ते सांगतं. म्हणजे हात काढून घेतला तरी काम शिल्लक राहतं. पण हित कशात? पाठीला जखम होऊ नये म्हणून घेतलेली हवेची गादी हे हित आहे, हे कोणीही कबूल करेल. गावच्या घराचं छप्पर पडू नये, हेही अण्णांचं हित नाही का? ज्या घरात ते आता कधी जाणार नाहीत, पण संध्याकाळी रोज निघायची घाई करतात ते घर.

वकील म्हणतात, उच्च न्यायालयात अर्ज करा, सगळं रीतसर होईल, बँकेचाही प्रश्न राहणार नाही आणि उद्या कोणी बोट दाखवणार नाही. त्यांचं खरं आहे. दादालाही तेच हवं आहे, आणि न्यायालयानं खर्चाची चौकट आखून दिली तर गावाकडच्या पैशांचा निर्णय आम्हा भावंडांवर राहणार नाही, असं तो म्हणतो. कागद तयार होऊन आले आहेत. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडायचं आहे. प्रतिज्ञापत्रात मला शपथेवर लिहून द्यायचं आहे की माझ्या वडिलांना स्वतःच्या हिताचा निर्णय घेता येत नाही. दुपारी चारला मी ते डोळे मिटून लिहीन. सकाळी दहाला त्यांच्या खाटेशेजारी बसून लिहिता येईल का, ते मला सांगता येत नाही, आणि न्यायालयाच्या कागदावर वेळ घालायला जागा नसते.

या महिन्याचे पैसे मी गावाला पाठवले. पुढच्या महिन्याचं चुलतभावानं विचारलं, ताई, पंचायतीची घरपट्टी भरायची आहे, तर मी त्याला दोन दिवस थांब म्हणाले.