एक नाममुद्रा, दोन वाटा

तुकोबांच्या पालखीचा इंदापुरास मुक्काम असताना एका संध्याकाळी दिंडीत चाललेला ज्ञानदेवांचा हरिपाठ ऐकत उभा होतो. म्हणणाऱ्यांना त्यातील शब्दांचा अर्थ कोणास विचारावा लागत नव्हता. 'ज्ञानेश्वरी'ची ओवी मात्र त्याच मंडळींना निरूपणाविना अवघड जाते. दोहोंवर नाममुद्रा ज्ञानदेवांचीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'सुधारक'मधून मांडलेली शंका त्या संध्याकाळी मी प्रथमच कानांनी अनुभवली: 'ज्ञानेश्वरी'चा कर्ता आणि अभंगांचा कर्ता भिन्न तर नव्हेत?

विद्यार्थिदशेत या शंकेची मला चीड आली होती. टिपणवहीत भारद्यांच्या नावापुढे 'पाखंड' असा शेरा मारून, शेक्सपिअरची नाटके बेकनच्या वा ऑक्सफर्डच्या अर्लच्या पदरात घालणाऱ्यांच्या पंक्तीत मी त्यांना बसवले होते. आज ती पंगत चुकलेली दिसते. 1920मध्ये ऑक्सफर्डचा पक्ष मांडणाऱ्या लूनींच्या मुळाशी अविश्वास आहे: हातमोजे करणाऱ्याच्या मुलाला दरबारी जीवनाची एवढी जाण कोठून? मग 1604मध्ये निवर्तलेल्या अर्लच्या नावावर त्यानंतरची मानली जाणारी नाटकेही चढवावी लागतात. भारद्यांचा आरंभ संहितेपासून होतो. भाषा निराळी; 'ज्ञानेश्वरी'त शैव-नाथ विचाराचे अधिष्ठान, अभंगांत विठ्ठल.

भाषेच्या मुद्द्याचे उत्तर मला त्या दिंडीतच सुचले. 'ज्ञानेश्वरी' पोथीतून आली, शके 1506मध्ये (इ. स. 1584) एकनाथांनी तिची पाठशुद्धी केली. अभंग मुख्यतः कंठातून आले. प्रत्येक पिढीने म्हणता म्हणता जुनी रूपे नकळत आपल्या बोलीत आणली असणार. तेव्हा दोहोंच्या भाषेतील अंतर हे दोन कर्त्यांमधलेच असेल असे नाही. ते दोन वाटांमधलेही असू शकते.

विठ्ठलाचा मुद्दा मात्र एवढ्याने निकालात निघत नाही. नाथपंथी गुरुपरंपरा आणि विठ्ठलभक्ती एकाच मनात नांदू शकतात, असे मला वाटते. पण वाटणे हा पुरावा नव्हे. श्रद्धेपोटी प्रश्नच नाकारणारा मी आणि अविश्वासापोटी कर्ताच बदलणारे लूनी, संहितेआधी निर्णय घेण्यात दोघेही सारखेच.

पहाटे पालखी सराटीकडे निघाली. घरी येऊन जुनी टिपणवही काढली, तो शेरा खोडला आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्ह केले.