डोहाळे रानाचे

बंगळूरच्या शिवाजीनगरात राहणाऱ्या सुनेला पाचव्या महिन्यात रान पाहण्याचे डोहाळे लागले, तर सासूबाईंनी लगेच ‘नको’ म्हणू नये. चौथा ते सहावा महिना प्रवासाला सहसा सोयीचा असतो. मात्र आधी डॉक्टरांना जरूर विचारावे.

शहराच्या दक्षिणेला बन्नेरघट्टा जैविक उद्यान आहे. सफारीच्या गाडीतले हिसके टाळावेत. त्याऐवजी २००६ साली सुरू झालेले तिथले फुलपाखरू उद्यान रमतगमत पाहावे. मंगळवारी उद्यान बंद असते.

सकाळी लवकर निघावे. सैल सुती कपडे, पाणी, घरची शिदोरी आणि तपासणीची फाईल जवळ असावी. वाटेत थांबून पाय मोकळे करावेत. पोटात कळ आली किंवा रक्तस्राव दिसला, तर तडक दवाखाना गाठावा.

वाघ काय, पुढे बाळाला कडेवर घेऊनही पाहता येईल!