घोटलेली भिंत

जयपूरचे घर म्हटले की आमेरचा शीशमहल डोळ्यांपुढे येतो: आरसे, सोनेरी वेलबुट्टी. परकोट्यात, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, हवेलीचा एखादा मजला राहण्यासाठी नव्याने लावणारेही याच थाटामागे धावतात. मला ते पटत नाही. इथली मुरलेली श्रीमंती पांढऱ्या, मोकळ्या भिंतीत आहे. अशा भिंतीच्या गिलाव्याला आराइश म्हणतात. चुना महिनोन्महिने पाण्यात भिजत ठेवायचा, त्यात दही घालायचे, संगमरवराची भुकटी मिसळून पातळ थर चढवायचे आणि शेवटचा थर ओला असतानाच अकीकाच्या दगडाने घोट घोट घोटायचा. वरून खोबरेलाचा हात. अशा भिंतीला तळवा लावला तर संगमरवराचा गारवा लागतो, पण सांधा कुठेच सापडत नाही. खिडकीतून तिरपे ऊन आले की तिच्यात समोरच्या माणसाची पुसट सावली हलते. एरवी ती नुसती पांढरी भिंत!

कोणी म्हणेल, जयपूरच्या राजांना साधेपणाचे कसले कौतुक? दरबारी दालनांपुरते ते खरे आहे. पण १७२७ साली वसलेल्या या शहरात थाट मुख्यतः रस्त्याकडे तोंड करून उभा असतो. १८७६ साली इंग्लंडच्या युवराजासाठी दिलेला गुलाबी रंगही रस्त्यावरून दिसावा म्हणूनच. १७९९ सालच्या हवामहलाच्या ९५३ खिडक्यांमागे गेले, तर वरच्या मजल्यांवर जेमतेम एका खोलीएवढी रुंदी आणि बऱ्यापैकी साध्या भिंती.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: हा साधेपणा म्हणजे पैसेवाल्यांचीच नवी ऐट नव्हे का? काही अंशी आहेच. आराइश स्वस्त नाही. पण तिचे पैसे दुकानाच्या गल्ल्यात कमी आणि कारागिराच्या मजुरीत जास्त जातात. शिवाय जुन्या दगड-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, की आतली ओल कोंडते आणि काही पावसाळ्यांत पोपडे सुटतात. चुना ती ओल बाहेर सोडतो. म्हणजे ही निव्वळ हौस नाही, घराची निगाही आहे.

तेव्हा परकोट्यात घर लावणार असाल, तर झुंबराचे पैसे आधी भिंतीला द्या. आणि एवढे करून त्या भिंतीत खिळा मात्र ठोकू नका.