एलबीडब्ल्यू द्यायचा कोणी?

आमच्या नागपुरात गल्ली क्रिकेटचा एक साधा नियम. ज्यांची बॅटिंग, त्यांचाच एक पोट्टा अंपायर. म्हणूनच गल्लीत एलबीडब्ल्यू नसतो... आपल्याच दोस्ताला आउट देणार कोण बे? थोडक्यात काय, निर्णय देणाऱ्यावर विश्वास नसला की नियमच गाळावा लागतो.

हे आठवलं वृंदा राठीमुळे. नवी मुंबईची ही मुलगी मुंबई विद्यापीठाकडून मिडियम पेस टाकायची. पुढे स्कोअरर झाली. २०१३ चा महिला वर्ल्ड कप भारतात झाला, तेव्हा मुंबईत स्कोअरिंग करताना तिला न्यूझीलंडच्या अंपायर कॅथी क्रॉस भेटल्या. बाई अंपायर असू शकते, हे समोर बघितलं आणि तिने परीक्षेची तयारी सुरू केली.

दुसरी चेन्नईची जननी नारायणन. ही तर आपल्याच जमातीतली, आयटीवाली! बायकांना अंपायरिंगची परीक्षा देता यावी म्हणून ती स्थानिक असोसिएशनकडे खेटे घालत राहिली. २०१८ मध्ये बोर्डाची परीक्षा पास झाली आणि तिने चक्क नोकरी सोडली. आपण नुसतं 'सोडतो यार ही नोकरी' म्हणतो आणि पुन्हा कॉफी मशीनकडे जातो :-)

२०२० मध्ये दोघी आयसीसीच्या डेव्हलपमेंट पॅनलवर आल्या. मग जानेवारी २०२३. १९३४-३५ पासून चालत आलेल्या रणजीत पहिल्यांदाच बायका अंपायर म्हणून उभ्या राहिल्या. राठी पर्वरीला गोवा-पुद्दुचेरी सामन्यात, जननी सुरतला आणि गायत्री वेणुगोपालन जमशेदपूरला. फुटबॉलमध्ये जेमतेम महिनाभर आधी स्टेफनी फ्रापारने पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये शिट्टी फुंकली होती.

आता रणजी म्हणजे चार दिवस, रोज नव्वद ओव्हर उन्हात उभं राहणं. त्या लीग सामन्यांत डीआरएसही नव्हता. अकरा पुरुष एका सुरात ओरडणार आणि बोट वर करायचं की नाही, हे तिने एकटीने क्षणात ठरवायचं. ठरवलं की बॅट्समनने मुकाट्याने पॅव्हेलियनकडे निघायचं. मला वाटतं, खरा बदल त्या मुकाट्याने निघण्यात आहे. समानतेवर भाषणं खूप होतात, पण बाईचा निर्णय पटला नाही तरी मान्य करायची सवय आपल्याला कुठे आहे? ना घरात, ना डिझाइन रिव्ह्यूमध्ये.

चांगला अंपायर तो, जो सामन्यानंतर कुणाला आठवत नाही. या तिघींच्या त्या सामन्यांच्या बातम्या झाल्या. बाई अंपायर आहे याची बातमीच होणार नाही, तेव्हा जमलं म्हणायचं. असो.