जानापावचा रातवा

इंदूरहून महूमार्गे जानापावला जाणारी मंडळी बहुधा चंबळेचा उगम पाहून माघारी फिरतात. गेल्या वैशाखात आम्ही तेथे गेलो, ते रातव्याचे छायाचित्र घेण्यासाठी. सोबतच्या गुराख्याने पाचोळ्याकडे बोट दाखविले, तरी मला दगड आणि वाळकी पानेच दिसत होती. अखेर त्यांतल्या एका ‘पाना’ला मिटलेला डोळा असल्याचे ध्यानी आले!

रातवा घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवरच तो बहुधा दोन अंडी घालतो. पिसांवरची राखी-तपकिरी नक्षी हाच त्याचा आडोसा. त्या भरवशावर तो अगदी शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाही. मोहाने मी आणखी एक पाऊल पुढे टाकले, आणि पक्षी उडाला. भर दुपारच्या उन्हात अंडी उघडी पडली. मन चरकले.

गुराख्याने मागे सरण्याची खूण केली. आम्ही दूर पळसाआड श्वास रोखून बसलो. बऱ्याच वेळाने रातवा परतला, अंड्यांवर बसला, आणि पुन्हा पाचोळा झाला. तेथूनच मी एक चित्र टिपले व निघालो.

घरी मुलांना त्या चित्रात पक्षी सापडत नाही. मीही तो चटकन दाखवीत नाही.